‘उचल’ आणि ‘उचलू नको’

पप्पा, परवा चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत मी क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसले. उभी लोखंडी शिडी चढून, तुमच्यासारखीच, फक्त तुमच्यापेक्षा चौपट वेळ लावून. वरून खालची माणसं नुसती हेल्मेटं दिसतात असं तुम्ही सांगायचात, ते अगदी खरं आहे. मी तळवड्याच्या ज्या कंपनीत आहे ती क्रेनचे वायरलेस रिमोट बनवते. हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण मी तिथं लागले तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता बारा झाली. हल्ली केबिनमध्ये कुणी बसत नाही, ऑपरेटर खालीच उभा राहतो, रिमोट कमरेला बांधलेला असतो आणि बटण दाबलं की वर क्रेन हलते. त्या कंपनीतली एक जुनी केबिनवाली क्रेन रिमोटवर आणायची होती म्हणून आम्ही गेलो होतो. तिथं जे झालं ते तुम्हालाच सांगायचं आहे. आईला अर्धं सांगून पाहिलं, ती "बरं झालं बाई" म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

आधी तुमच्या त्या दिवसाबद्दल लिहिते, म्हणजे मला काय माहीत आहे आणि काय नाही हे तुम्हाला कळेल. मी सातवीत होते. तुम्ही पिंपरीत क्रेन ऑपरेटर. तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरची जड डाय, म्हणजे खालचा साचा, बदलायची होती. एरवी खालचा माणूस हातानं खुणा करतो आणि वरचा त्या बघून क्रेन चालवतो, पण त्या दिवशी तुमचे खालचे जोडीदार, काका, डायच्या मागं वाकलेले होते, दोन्ही हात साखळीत, त्यामुळं खूण करायला हातच मोकळा नव्हता. म्हणून ते ओरडले. शेडच्या शेजारच्या भागात, पुढच्या बेमध्ये, दुसरा हॅमर धाडधाड चालू होता. काका म्हणतात ते ‘उचलू नको’ असं ओरडले. तुम्ही म्हणायचात तुम्हाला ‘उचल’ ऐकू आलं. तुम्ही उचललंत, साखळी ताणली गेली आणि काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी झाली. तुम्ही साहेबांसमोर म्हणालात, "मला स्वच्छ ‘उचल’ ऐकू आलं." तिथंच सगळं बिघडलं. "नीट ऐकू आलं नाही साहेब" म्हणाला असतात तर त्यांनी आवाजाला दोष दिला असता, पण ‘स्वच्छ’ म्हटल्यावर खोटं बोलतोय असंच सगळ्यांना वाटलं. कागदावर ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’ असं आलं. क्रेन काढून घेतली आणि तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट आणि हातमोजे द्यायला. तुमचं म्हणणं खरं मानणारं एकही माणूस तेव्हा नव्हतं.

काकांना बघायला तुम्ही मला घेऊन गेला होतात. पिशवीत मोसंबी होती आणि रिक्षात तुम्ही ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होतात. काका मूळचे इथलेच, मावळातले, कंपनीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. त्या दिवशी हाताला एवढं मोठं बँडेज घेऊन बसलेले, तरी आवाज तोच. "आरं, म्या नको म्हणलो व्हतो राव! बोंबललो की, उचलू नको!" तुम्ही खाली बघत म्हणालात, "म्हणला असशील भावा. मला उचलच आलं." काका म्हणाले, "आसं कसं आलं पण?" तुम्ही म्हणालात, "तेच तर कळंना झालंय." मग काकूंनी मोसंबी सोलली, आधी मला दिली, मग तुम्हाला. भांडण झालं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही हात जोडून माफी मागाल, आणि ती तुम्ही मागितली नाहीत म्हणून मला लाज वाटली होती.

त्यानंतर आपल्या काळेवाडीच्या घरात ‘नको’ ह्या शब्दाचं काय झालं ते आठवतंय ना? आई भाताचं पाणी निथळत होती, मी शेजारी पातेलं धरून उभी, कुकरची शिट्टी चालू. आई म्हणाली, "सोडू नको," मला ऐकू आलं "सोड," आणि मी सोडलं. निम्मा भात मोरीत गेला. आईनं हात उगारला, तेवढ्यात तुम्ही बाहेरून आत आलात आणि ओरडलात ते आईवर. "पोरीला कशाला मारतीस? ‘नको’ म्हणायचंच नाही! ‘धर’ म्हण, ‘थांब’ म्हण. नको शेवटी येतंय, शेवटचं ऐकू येत नसतंय. आजपासून ह्या घरात कुणी नको म्हणायचं नाही." आई म्हणाली, "म्हणजे नको म्हणू नको?" तुम्ही म्हणालात, "व्हय, नको म्हणू नको!" आणि मग तुमचं तुम्हालाच कळलं. आई हसून हसून ओट्याला टेकली. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्या दिवसापासून कुणाकडं जेवायला गेलो आणि ते आणखी पोळी वाढायला लागले की आपण ‘पुरे’ म्हणायचो. आणि काहीही सांगितलं की ते परत म्हणून दाखवायचं. "दळण घेऊन ये, गव्हाचं, आणि ज्वारीचं उद्या." "काय म्हणलो? परत म्हण." "गव्हाचं आज, ज्वारीचं उद्या." "हां, जा." मैत्रिणी चेष्टा करायच्या, तुझ्या घरी सगळे पोपट आहेत का गं. मला भयंकर राग यायचा. घरात बोलतोय का क्रेन चालवतोय, असं मी एकदा तोंडावर म्हणालेसुद्धा होते.

मग मी इंजिनिअरिंगला गेले, आणि नेमका तोच विषय वाट्याला आला. संदेश इकडून तिकडं जाताना मधला गोंगाट त्याचं काय करतो, एवढाच तो विषय आहे, बाकी सगळी गणितं. तिसऱ्या वर्षाला होते. रविवारची दुपार होती, मी जेवणाच्या टेबलावर नोट्स पसरून बसले होते. तुम्ही समोर येऊन बसलात. "काय शिकवत्यात?" मी म्हटलं, नॉइज, म्हणजे गोंगाट. पुढच्या क्षणी किती येईल हे कुणालाच सांगता येत नाही, पण खूप वेळ मोजत राहिलं की त्याची सरासरी काढता येते. तुम्ही थोडा विचार केलात. "सरासरी काढून काय करायची? हॅमर सरासरीनं पडत नाही. पडला की पडला, नाही की नाही." मी म्हटलं, पप्पा, ते वेगळं, हे वेगळं. खरं तर अजिबात वेगळं नव्हतं. आमच्या नोट्समधला गोंगाट बारीक, सगळीकडं सारखा पसरलेला, पीठ चाळल्यासारखा. हॅमरचा गोंगाट ढेकळासारखा येतो आणि एक अख्खा शब्द गिळून जातो. तो पुढं वेगळा शिकावा लागतो आणि मी तेव्हा तिथवर पोचले नव्हते. तुम्ही न शिकता पोचला होता.

मग तुम्ही खरं विचारायचं होतं ते विचारलंत. "तू एवढं शिकतीस तर मला एक सांग. त्यानं नको म्हणलं, मला उचल आलं. मग चूक कुणाची धरायची?" आठ वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मला वाटलं, झालं, परत तेच सुरू. मी मान वर न करता म्हटलं, "शेवटी निर्णय रिसीव्हर घेतो पप्पा. चूक रिसीव्हरचीच धरतात." रिसीव्हर म्हणजे ऐकणारा, हे तुम्हाला सांगायची गरज पडली नाही. तुम्ही सवयीप्रमाणे परत म्हणून दाखवलंत, "चूक रिसीव्हरची." आणि माझ्याकडं बघत थांबलात. मी म्हटलं, "हां." तुम्ही उठलात, खुर्ची नीट आत सरकवलीत आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलात. त्यानंतर तो विषय तुम्ही कधीच काढला नाहीत, ना माझ्याशी ना आईशी. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आता परवाचं. आमचा रिमोट बटणाचे आकडे हवेतून पाठवतो, शून्य आणि एक, आणि त्यांच्याबरोबर तपासणीचे दोन-चार जादा आकडे. क्रेनवरचा रिसीव्हर ते जुळवून बघतो, जुळले नाहीत तर तो हुकूम टाकून देतो. आणि थोडा वेळ धड काहीच आलं नाही तर क्रेन आपोआप थांबते, कुणी ‘थांब’ म्हणायची वाट बघत नाही. ते काम दुपारपर्यंत उरकलं, सगळं बरोबर निघालं. चहाच्या वेळेला तिथले खाली साखळी लावणारे दादा, जालन्याकडचे, पन्नाशीचे, मला म्हणाले, "मॅडम, रिमोट चांगलाय, पण माणूस ओरडणारच बघा. वळण पडलंय." मी विचारलं, काय ओरडता? ते म्हणाले, "काय म्हणजे? उचल, सोड, उचलू नको." पप्पा, मी चहाचा कप खाली ठेवला.

मी म्हटलं, दादा, माझं एक काम कराल का? माझ्याबरोबरच्या सहकाऱ्यानं चिठ्ठ्या केल्या, काहींवर ‘उचल’, काहींवर ‘उचलू नको’, काहींवर ‘थांब’, आणि हेल्मेटमध्ये टाकून ढवळल्या. दादांनी एकेक चिठ्ठी काढायची आणि ओरडायचं. मी वर केबिनमध्ये, पाठ करून, ऐकू येईल ते वहीत लिहायचं. चिठ्ठ्या ढवळायच्या का, तर पुढं काय येणार हे मला आधी कळता कामा नये. आधीच कळलं तर ऐकायचं काय उरलं? क्रेनचा मेन स्विच बंद होता, काळजी करू नका. शेजारी हॅमर चालू. दादा हसत होते, चार पोरं जमली होती, एक म्हणाला, "मॅडमचा कान तपासतायत काय राव!" पाऊण तास हा खेळ चालला.

खाली येऊन वही आणि चिठ्ठ्या ताडून बघितल्या. ‘थांब’ एकदाही चुकलं नव्हतं. एक-दोनदा काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी रेघ मारली होती, पण ‘थांब’चं दुसरं काही झालं नव्हतं. ‘उचलू नको’च्या पुढं मात्र सहा ठिकाणी मी ‘उचल’ लिहिलं होतं. पहिल्यांदा मी सहकाऱ्यावरच चिडले, त्यानं चिठ्ठ्यांचा क्रम चुकवला म्हणून. मला खात्री होती. त्या सहा वेळा मला अस्पष्ट, अर्धवट असं काही आलं नव्हतं. ‘उचल’ आलं होतं, दाराशी उभं राहून कुणी सांगावं तसं. सहकाऱ्यानं मोबाइलवर आवाज भरून घेतला होता, तो लावला. दादांच्या तोंडाजवळ धरलेला फोन, त्यात ‘उचलू नको’ सरळ ऐकू येत होतं आणि ‘लू’वर धाडकन हॅमर, त्याच्या दणक्यात ‘नको’ वर माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी तो तुकडा चार वेळा ऐकला. मग त्या पोरांसमोरच मला रडू आलं. दादा घाबरले, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही हो, तुमचं नाही.

हे मी गेली दहा वर्षं कामात रोज बघते आणि तरी मला कधी सुचलं नाही. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की खरखर यायची आणि त्या खरखरीवरून कळायचं की काहीतरी गडबड आहे. आकड्यांच्या संदेशात खरखर नसते. रिसीव्हरला शून्य किंवा एक, दोन्हीतलं एक ठरवावंच लागतं, आणि एकदा ठरवलं की चुकलेला एक आणि बरोबर आलेला एक दिसायला अगदी सारखेच. चुकीच्या अंगावर चुकीची खूण राहत नाही. माणसाचा कानही असंच करतो. त्याला अर्धं मिळतं, तो पूर्ण करून देतो, आणि आपल्याला ते स्वच्छ मिळतं. त्यात साखळी लावून झाली की पुढं बहुतेक वेळा ‘उचल’च येतं, म्हणजे कान आधीच तिकडं झुकलेला. तुम्ही साहेबांसमोर ‘स्वच्छ’ म्हणालात ते जसंच्या तसं खरं असू शकतं. आणि काका ‘नको’ म्हणाले तेही. तुम्ही दोघंही खरं बोलत असू शकता, आणि बोटं तरी जाऊ शकतात.

चूक कुणाची, ह्याचं उत्तरही तेव्हा मी दिलं तसं पुस्तकात कुठंच नाही. पुस्तक विचारतं, दोन उलट हुकमांना इतके सारखे शब्द ठेवले कुणी? एकाचं शेपूट तुटलं की दुसरा तयार होतो, असे शब्द ठेवायचेच नसतात. कामाला लागायच्या आधी बसून शब्द ठरवायचे, एकमेकांपासून लांबचे, आणि ते ठरवायचा मान ना तुम्हाला कुणी दिला ना काकांना. भाताचं पातेलं सांडल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून तेच केलंत आणि आम्ही हसलो.

काल मी रिपोर्ट दिला, त्याबरोबर ऑपरेटरसाठी एक कार्ड जोडायचं असतं. त्यात मी शेवटी ओळ घातली, ‘ओरडून सांगायची वेळ आल्यास फक्त ‘थांब’ म्हणावे. ‘उचलू नको’, ‘सोडू नको’ असे कधीही म्हणू नये.’ आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो, आपण रिमोट विकतो का मराठी व्याकरण?" मी म्हटलं, सर, ओळ निघाली तर माझी सही पण निघेल. चष्मा परत नाकावर घेत ते म्हणाले, "एवढं काय झालं? राहू द्या." ओळ राहिली. कार्ड आज चाकणला गेलं, आता प्रत्येक रिमोटबरोबर जाईल.

एवढं लिहून थांबले असते तर बरं दिसलं असतं, पण तुम्हाला लिहितेय तर पुरतं लिहिते. त्या रविवारी मी ‘रिसीव्हरची चूक’ म्हणाले ते नोट्समधलं नव्हतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ओव्हरटाइम करून घरी आला होतात आणि जेवताना ताटावरच तुमचा डोळा लागला होता. घास हातात तसाच होता. आईनं खांदा हलवला तेव्हा तुम्ही दचकून "हां, हां" म्हणालात. मी समोर बसले होते. दुसऱ्या दिवशी अपघाताचं कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तेच आलं, आणि मी मनात ठरवून टाकलं की तुम्ही केबिनमध्ये झोपला होता आणि आता साहेबांना खोटं सांगताय. मी हे कुणालाही बोलले नाही, आईलाही नाही. पण तुम्ही जेव्हा जेव्हा "परत म्हण" म्हणायचात तेव्हा मला वाटायचं, स्वतः झोपलात आणि आम्हाला कशाला शिकवता. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी तेच मानत होते. परवा सोमवारपर्यंत मानत होते.

त्या दिवशी तुम्ही जागे होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. माझी चाचणी एवढंच सांगते की जाग्या माणसालाही तसं ऐकू येतं. तुम्ही तेच सांगत होता, साहेबांना, काकांना, मला, आणि ते ऐकायला मला हेल्मेटमधल्या चिठ्ठ्या लागल्या. हे पत्र मी वहीत त्या सहा ओळींच्या मागच्या पानांवर लिहिलंय आणि ते तिथंच राहील. पप्पा, मला तुमचं पटलं असं मी म्हणणार नाही. मला माझ्याच कानाचं पटलं, तुमच्या शब्दाचं कधीच पटलं नव्हतं.